शिल्लक म्हणजे कोणाची शिल्लक?



या पानांवर आम्ही नेहमी बोनस, महागाई भत्ता, रिक्त जागा आणि पेन्शन यांविषयी लिहितो. या वेळी लिहायचे आहे ते व्हिडिओ गेमच्या धंद्याविषयी. काही जुने सभासद म्हणतील, सेक्रेटरीला आता पोरखेळ सुचू लागला. त्यांनी थोडा दम धरावा. ज्याला आपण पोरखेळ म्हणतो त्या धंद्यात आज जगभरच्या चित्रपटगृहांच्या तिकीटविक्रीपेक्षा कितीतरी जास्त पैसा फिरतो, आणि तो पैसा ज्यांच्या हातून निर्माण होतो त्यांत रेल्वे आणि टपाल कामगारांची मुलेही आहेत.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास, बोनसचे परिपत्रक निघाले त्याच आठवड्यात, आमच्या कचेरीत एक निवृत्त पॉइंट्समन आले. बोनसशी त्यांचा आता संबंध नाही. ते आले होते मुलासाठी. मुलगा पुण्यात एका स्टुडिओत गेम तपासण्याचे काम करत होता. एकच प्रसंग शंभर वेळा खेळायचा, कुठे नायक भिंतीतून आरपार जातो, कुठे गेम मध्येच बंद पडतो, ते टिपून ठेवायचे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा शंभर वेळा खेळायचे, असे ते काम. नेमणूक एजन्सीमार्फत, मुदत सहा महिन्यांची, ती तीनदा वाढलेली. एके दिवशी वरिष्ठांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितले की वर्ष उत्तम गेले, कंपनीकडे शिल्लक पैसा भरपूर आहे, आता एखादी दुसरी कंपनी घ्यायचा विचार आहे. टाळ्या झाल्या. महिनाअखेर एजन्सीने कळवले की पुढची मुदत मिळणार नाही.

पॉइंट्समन आम्हाला म्हणाले, "साहेब, कंपनीत पैसा सरप्लस झाला, तर माझा पोरगा सरप्लस कसा झाला?"

आम्ही तीस वर्षे युनियनचे काम करतो, पण त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. रेल्वेत 'सरप्लस' हा शब्द माणसांना लावतात हे आपण जाणतो. वाफेची इंजिने गेली तेव्हा लोको शेडमधली माणसे सरप्लस झाली. पत्रे कमी झाली म्हणून छाटणी कार्यालयांतली माणसे सरप्लस ठरू लागली. पण इथे पैसाही सरप्लस आणि माणूसही सरप्लस, एकाच महिन्यात. म्हणून आम्ही या धंद्याची माहिती काढायला बसलो. त्यातून जे दिसले ते या लेखात मांडतो.

पुस्तकाला असतो तसा गेमलाही प्रकाशक असतो. चित्रे काढणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, कथा रचणारे, संगीतवाले आणि तपासनीस ज्या कारखान्यात बसतात त्याला स्टुडिओ म्हणतात. प्रकाशक त्यांचा खर्च चालवतो, जाहिरात करतो, माल विकतो. मोठ्या प्रकाशकांचे स्टुडिओ बहुधा स्वतःचेच असतात. मोठा गेम तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात आणि शेकडो माणसे त्यावर राबतात. तेवढ्या काळात त्या गेमचे उत्पन्न शून्य. मग तो बाजारात येतो आणि चालला तर विक्रीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच होऊन जातो. म्हणजे पैसा येतो तो एकदम आणि खर्च होतो तो महिन्या-महिन्याला.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या कोणालाही हे नवीन नाही. सुगी झाली की कणगी भरते. भरलेली कणगी पाहून घरधनी म्हणाला की धान्य शिल्लक पडले आहे, चला वाटून टाकू, तर घरातली म्हातारी त्याला काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही. ते धान्य शिल्लक नसते. ते पुढच्या सुगीपर्यंतचे जेवण असते आणि त्यातच बियाणेही असते.

आता अर्थविषयक वर्तमानपत्रे, दलाल आणि सल्लागार या वाढत्या प्रकाशकांना काय सांगतात पाहा. त्यांच्या लेखी मार्ग दोनच. एक, पैसा भागधारकांना परत द्या. लाभांश वाढवा किंवा बायबॅक करा. बायबॅक म्हणजे कंपनीने आपलेच शेअर विकत घेणे. शेअर कमी झाले की उरलेल्या प्रत्येक शेअरच्या वाट्याला नफा जास्त दिसतो, भाव चढतो, आणि ज्या साहेबांचा मोबदला शेअरमध्ये मोजला जातो त्यांचे कल्याण होते. त्यातून एकही गेम तयार होत नाही की एका माणसाला काम लागत नाही. दुसरा मार्ग, दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घ्या आणि मोठे व्हा. हे दोन्ही मार्ग मोठमोठ्या प्रकाशकांनी चालून पाहिले आहेत.

पहिला मार्ग अमेरिकेच्या ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या कंपनीचा. 'कॉल ऑफ ड्यूटी' हा बंदुकीचा गेम तिचा. आपल्या कॉलन्यांतल्या मुलांच्या मोबाइलवरही तो आहे. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने २०१८ चा हिशेब जाहीर केला. वार्षिक उत्पन्न ७५० कोटी डॉलर, कंपनीच्या इतिहासातले तोवरचे सर्वात मोठे. त्याच दिवशी तिने सुमारे ८ टक्के कामगार, म्हणजे जवळजवळ ८०० माणसे, कमी करत असल्याचे सांगितले. त्याच दिवशी लाभांश वाढवला. आणि त्याच दिवशी १५० कोटी डॉलरपर्यंत आपलेच शेअर विकत घेण्यास संचालक मंडळाची मंजुरी जाहीर केली. नव्या वित्तप्रमुखाला नेमणुकीच्या वेळी रोख आणि शेअर मिळून सुमारे दीड कोटी डॉलर देण्याचे त्याआधी महिनाभरच ठरले होते.

तोट्यातली गिरणी बंद पडली तर मालक निदान तोट्याचे कारण तरी सांगतो. इथे तेही नाही. इतिहासातले सर्वात चांगले वर्ष हेच कपातीचे वर्ष. का, तर पुढच्या वर्षी इतके मोठे गेम येणार नव्हते. म्हणजे कणगी भरलेली असताना घरातली माणसे बाहेर काढली, कारण पुढची सुगी लांब होती, आणि धान्य शेजाऱ्याला वाटले.

दुसऱ्या मार्गाची कथा अधिक शिकवण्यासारखी आहे. ती स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावची आहे. एम्ब्रेसर ग्रुप हे तिचे आजचे नाव. संस्थापक लार्स विंगेफोर्स यांनी पोरवयात जुनी कॉमिक पुस्तके विकण्यापासून सुरुवात केली, पुढे जुन्या गेमचा व्यापार केला. २०१३ साली अमेरिकेतला टीएचक्यू हा प्रकाशक दिवाळखोर झाला, तेव्हा त्याच्या अनेक जुन्या गेमचे हक्क विंगेफोर्स यांच्या कंपनीने लिलावात सुमारे ४९ लाख डॉलरना उचलले. या धंद्यात ही रक्कम किरकोळ. जुन्या बाजारातल्या चोखंदळ गिऱ्हाइकासारखी ही रीत होती: पडक्या किमतीला माल घ्यायचा, तो झाडूनपुसून पुन्हा विकायचा. चालली ती रीत. आम्हाला त्यात दोष काढायचा नाही.

२०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली. शेअरचा भाव चढत गेला तशी नवे शेअर काढून पैसा उभारणे सोपे झाले. रोख आणि शेअर दोन्ही हाताशी असल्यावर खरेदीला धरबंध राहिला नाही. २०२१ साली अमेरिकेतला गिअरबॉक्स हा स्टुडिओ घेतला. पुढच्या अटी पुऱ्या झाल्या तर सौद्याची किंमत १३० कोटी डॉलरपर्यंत जाणार होती. पाट-चौरंगावरच्या खेळांचा मोठा फ्रेंच व्यापारी अस्मोदे हा २७५ कोटी युरोंच्या सौद्यात घेतला. २०२२ साली जपानच्या स्क्वेअर एनिक्सकडून पाश्चात्त्य स्टुडिओ ३० कोटी डॉलरना घेतले, आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या गेम-सिनेमाचे हक्क सांभाळणारी कंपनीही घेतली. शंभरावर स्टुडिओ झाले. त्या सगळ्यांना काय काम द्यायचे याचा विचार झाला असेल, पण तो पुरेसा झाला नसावा असे पुढच्या गोष्टीवरून म्हणावे लागते.

जून २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सावी गेम्स या सरकारी निधीच्या कंपनीने एम्ब्रेसरमध्ये सुमारे १०० कोटी डॉलर घालून ८ टक्क्यांचा हिस्सा घेतला. त्यानंतर आणखी एक करार व्हायचा होता. अनेक वर्षांत मिळून २०० कोटी डॉलरच्या वर येणार होते. तोंडी शब्द मिळाला होता, सही व्हायची होती. मे २०२३ मध्ये समोरच्याने हातावर तुरी दिल्या. कंपनीने त्याचे नाव सांगितले नाही. वृत्तपत्रांनी सावीचेच छापले. शेअर एका दिवसात ४० टक्क्यांच्या आसपास कोसळला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशी आपल्याकडे म्हण आहे. तुरी कधी आल्याच नाहीत, पण मार मात्र भटणीला बसला.

भटणी कोण? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शँपेन गावी व्होलिशन नावाचा स्टुडिओ १९९३ पासून चालत होता. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तो तडकाफडकी बंद झाला. तीस वर्षांचा कारखाना. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमचा फ्री रॅडिकल त्याच डिसेंबरमध्ये बंद झाला. २०२३ च्या अखेरपर्यंतच्या सहा महिन्यांत एम्ब्रेसरने सुमारे १,४०० माणसे कमी केली. गिअरबॉक्स मार्च २०२४ मध्ये टेक-टू या कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात विकला. १३० कोटींचा आकडा पूर्ण दिला गेला नव्हता हे खरे, तेव्हा दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे बरोबर होणार नाही. पण घेताना डांगोरा कसला होता आणि विकताना आवाज केवढा होता ते आकडे सांगतात. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने स्वतःचे तीन तुकडे करण्याचे जाहीर केले. मोठे होण्यासाठी घेतले होते, ते वाचण्यासाठी तोडले.

शँपेनच्या कामगारांनी या खरेदीच्या कागदांवर सही केली नव्हती. सौदीच्या कराराची बोलणी त्यांनी केली नव्हती. त्यांच्या शेवटच्या गेमवर टीका झाली, विक्री कमी पडली, हे आम्ही वाचले आहे. पडलेला गेम हा या धंद्यात दुष्काळी वर्षासारखा असतो. तो कधी ना कधी येणारच. दुष्काळासाठी ठेवलेले धान्य मालकाने तीन वर्षे लिलावांत उधळले, हा दोष त्यांचा कसा?

हे सारे परदेशातले, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. आपल्या मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि हाती आलेल्या पैशातून एकामागून एक कंपन्या घेत गेली. त्यांत लहान मुलांचे शिकवणीचे गेम होते, स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या होत्या, ब्रिटनमधले स्टुडिओही होते. २०२४ साली तिने पैशावर पोकर खेळवणाऱ्या एका कंपनीतला सुमारे ४८ टक्के हिस्सा ८०० कोटी रुपयांहून जास्त किमतीला घेण्याचे ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि तो पोकरचा धंदा थांबला. त्या गुंतवणुकीचे मोल कंपनीला हिशेबात खाली आणावे लागले. कायदा येईल हे कोणाला ठाऊक होते, असे म्हणतील. आम्हाला विचारले असते तर सांगितले असते. रेल्वे कॉलनीत ऑनलाइन जुगारापायी सोसायटीचे कर्ज काढणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. ज्या धंद्यावर घरे उठतात त्यावर सरकार आज ना उद्या हात टाकणार, हे कळायला मॅट्रिकचे शिक्षण पुरते. त्या ८०० कोटींत मराठीत, हिंदीत, तामिळमध्ये आपल्या मातीतले किती गेम झाले असते याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

तेव्हा मूळ प्रश्न पैसा कुठे घालावा हा नाहीच. शिल्लक कशाला म्हणायचे, हा आहे. आणि या प्रश्नावर मुंबईच्या कामगाराने जगाला शिकवावे इतके रक्त आटवले आहे. १९२४ साली बोनस बंद केला म्हणून मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने नेमलेल्या समितीने सांगितले, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९५० मध्ये, लेबर ॲपेलेट ट्रायब्युनलने मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात सूत्र घालून दिले. नफ्यातून आधी घसारा काढा. कर काढा. जुन्या यंत्रांच्या जागी नवी आणण्यासाठी रक्कम काढा. भांडवलावर बेताचे व्याज काढा. मग जे उरेल ती शिल्लक, आणि त्या शिलकीत कामगाराचा वाटा आहे. मालकाने मनाला येईल तेव्हा द्यायचे बक्षीस म्हणजे बोनस, ही कल्पना तिथे मोडली.

१९६५ च्या बोनस कायद्याने हे सूत्र बदलून का होईना पक्के केले. त्यातली एक तरतूद गेमच्या धंद्यासाठीच लिहिली की काय असे वाटावे अशी आहे. एखाद्या वर्षी वाटपयोग्य शिल्लक इतकी झाली की २० टक्के कमाल बोनस देऊनही रक्कम उरली, तर ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत पुढच्या चार वर्षांसाठी राखून ठेवायची, म्हणजे वाईट वर्षात तिच्यातून बोनस देता येईल. आपण याला 'सेट ऑन' म्हणतो. भरल्या कणगीतून पुढच्या चार वर्षांची सोय. आणि गेम तयार व्हायला किती वर्षे लागतात? चार-पाच.

अर्थात हा कायदा त्या मुलांच्या हाती फारसा नाही. २०१५ च्या दुरुस्तीने पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. त्यावर पगार असणारा बाहेर. एजन्सीच्या हजेरीवर असलेल्याला मूळ कंपनीच्या शिलकीत वाटा मागता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा वेतन संहितेत गेला आहे. आपणही, रेल्वे आणि टपालवाले, त्या कायद्याबाहेर आहोत. १९७४ च्या संपात बोनस ही आपली एक मुख्य मागणी होती, आणि मिळाला तो १९७९-८० पासून, उत्पादकतेशी जोडलेला. आजही रेल्वेत ७८ दिवसांचा बोनस महिना ७,००० रुपये पगार धरून मोजतात आणि १७,९५१ रुपयांवर थांबवतात. पण कायदा कोणाला लागू आहे हा एक मुद्दा आणि हिशेबाची रीत योग्य आहे की नाही हा दुसरा. रीत योग्य आहे, आणि ती गेम प्रकाशकाला जशीच्या तशी लावता येते.

लावून पाहू. रेल्वेत घसारा निधी असतो, रूळ आणि डबे झिजतात त्यांच्या बदलीसाठी. त्यात कमी रक्कम टाकून हिशेबात शिल्लक दाखवण्याची खोड रेल्वे बोर्डाला आहे. महालेखापालांनी त्यावर वेळोवेळी बोट ठेवले आहे. न टाकलेल्या पैशाची किंमत गँगमन मोजतो आणि कधी प्रवासी मोजतो. गेमच्या कारखान्यात रूळ नाहीत, लेथ नाही. तिथले यंत्र म्हणजे माणूस. आठ-दहा वर्षे एकत्र काम केलेली शंभर माणसांची टोळी मोडली तर तशी टोळी बाजारात विकत मिळत नाही. म्हणून त्यांचा घसारा निधी म्हणजे एका गेमपासून दुसऱ्या गेमपर्यंतचे पगार. हा पहिला बोजा. गेम संपायच्या आधी महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबवतात, त्याला तिकडे 'क्रंच' म्हणतात. त्या जादा तासांचा मोबदला हा दुसरा. वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करणाऱ्या कंत्राटी तपासनिसांना कायम करणे हा तिसरा, आणि टपालातल्या बंधूंना तो समजावून सांगायला नको. ग्रामीण डाक सेवक तीच पत्रे वाटतो, तेच पैसे हाताळतो, आणि खात्याचा नियमित नोकर मात्र गणला जात नाही. तपासनिसाचे तसेच आहे. त्याच्या शेऱ्याशिवाय गेम बाहेर पडत नाही, पण हजेरीपटावर तो नाही. हे तीन बोजे फेडल्यावर पुढचा गेम, आपल्याच स्टुडिओत, आपल्याच माणसांकडून. त्यानंतर जे उरेल त्यातून भागधारकाने लाभांश घ्यावा, आम्ही आड येणार नाही.

हे पुस्तकी बोलणे आहे, असा धंदा चालत नाही, असे मालकांचे वकील म्हणतात. चालतो. जपानात क्योटोला निन्टेंडो ही कंपनी आहे. १८८९ साली ती हाताने बनवलेले पत्ते विकत होती. पुढे तिने व्हिडिओ गेम आणि ते खेळायची यंत्रे दोन्ही केली. २०१२, २०१३ आणि २०१४ च्या मार्चअखेरच्या तिन्ही हिशेबी वर्षांत तिला चालू धंद्यात तोटा आला. तिसऱ्या वर्षी तो ४,६०० कोटी येनच्या वर होता. पण आधीच्या चांगल्या वर्षांतला रोख पैसा तिने धरून ठेवला होता, आणि त्यासाठी गुंतवणूकदारांनी तिला बरीच वर्षे नावे ठेवली होती. अध्यक्ष सातोरु इवाता स्वतः प्रोग्रॅमर होते. भागधारकांच्या सभेत त्यांना कपातीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की तात्पुरते आकडे सुधारतील, पण नोकरी जाईल या धास्तीत बसलेला माणूस लोकांना आवडेल असा गेम करू शकणार नाही. त्यांनी आपला पगार निम्मा केला, एकदा २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये. २०१५ साली ते वारले. २०१७ च्या मार्चमध्ये स्विच हे यंत्र बाजारात आले आणि त्याची १५ कोटींहून अधिक नगे खपली. ते यंत्र आणि त्यावरचे गेम करणारी माणसे तोट्याच्या वर्षांत घरी बसवलेली नव्हती. २०२३ साली कंपनीने जपानमधल्या कामगारांचा मूळ पगार १० टक्के वाढवला.

आम्ही कोणाची आरती करत नाही. त्याच निन्टेंडोने २०१४ साली जर्मनीतले एक कार्यालय बंद करून तिथली माणसे कमी केली, आणि त्याच वर्षी आपले शेअरही विकत घेतले. क्योटोच्या कायम कामगाराला छत्री आणि बाहेरच्याला पाऊस, हा भेद तिथेही आहे. पण पैसा हातात धरणारी कंपनी बुडते, हे मात्र तिने खोटे पाडले.

वकिलांचे दुसरे म्हणणे, कायम माणसे ठेवली तर लवचीकता जाते. हा शब्द आम्ही १९९१ पासून ऐकतो आहोत. प्रत्येक वेळी वाकायचे असते ते कामगाराने. मोठ्या साहेबांच्या करारात, लाभांशाच्या ठरावात, बँकेच्या व्याजात कधी लवचीकता आलेली आम्ही पाहिली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकेतली जुनी प्रकाशन कंपनी ५,५०० कोटी डॉलरना विकत घेण्याचा सौदा जाहीर झाला. घेणाऱ्यांत मुख्य सौदीचा तोच सरकारी निधी, ज्याची सावी आहे. किमतीपैकी २,००० कोटी डॉलर कर्जाचे. असल्या सौद्यात कर्ज डोक्यावर बसते ते विकल्या गेलेल्या कंपनीच्याच. पुढची कित्येक वर्षे तिथला गेम चालला तरी पहिला घास व्याजाचा. त्या घासाला लवचीक हो म्हणून कोण सांगणार आहे?

तर मग सांगायचे कोणी? याचेही उत्तर सापडते, आणि ते ज्या कंपनीपासून आपण सुरुवात केली तिच्यातच सापडते. ॲक्टिव्हिजनच्या मालकीचा रेव्हन नावाचा स्टुडिओ अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या तपासनिसांपैकी बारा जणांना सांगण्यात आले की तुमचे काम जानेवारीत संपेल. त्यांतले काही जण कंपनीच्या भरवशावर स्वखर्चाने बिऱ्हाड हलवून तिथे आले होते. उरलेले तपासनीस काम टाकून बाहेर पडले आणि कित्येक आठवडे बाहेर राहिले. मे २०२२ मध्ये युनियनसाठी मतदान झाले, १९ विरुद्ध ३. माणसे किती, तर एका गँगमध्ये असतात तेवढी. त्यांना जवळ केले ते कम्युनिकेशन वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेने, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कामगारांच्या जुन्या युनियनने. टपाल आणि तार एकाच खात्यात होते तेव्हाचे आपले जुने सभासद हे वाचून हसतील. तारा जोडणाऱ्यांनी गेमवाल्यांना जोडून घेतले.

त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या झेनीमॅक्स या कंपनीतल्या सुमारे ३०० तपासनिसांची युनियन मान्य झाली आणि २०२५ मध्ये त्यांचा पहिला करार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६,८७० कोटी डॉलरना विकत घेतली आणि तीनच महिन्यांत आपल्या गेम विभागातली १,९०० माणसे कमी केली. युनियन असली म्हणून कपात थांबली असे नाही, ही फुशारकी आम्ही मारणार नाही. पण कपातीच्या टेबलावर समोर कोणीतरी बसलेले असणे आणि नसणे यात काय फरक आहे, ते छाटणी कार्यालये बंद होताना आपण अनुभवले आहे.

आमच्या विभागात आम्ही शाखांना पत्र पाठवले आहे. रेल्वे आणि टपाल कॉलन्यांतल्या ज्या सभासदांची मुले-मुली पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथल्या गेम स्टुडिओंत आहेत, त्यांनी नाव, कामाचे स्वरूप, नेमणूक थेट आहे की एजन्सीमार्फत, किती वेळा मुदत वाढली, आणि जादा तास कसे मोजतात, एवढे शाखा सचिवांकडे लिहून द्यावे. नव्या संहितेत उद्योगाच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई म्हटली आहे आणि पळवाटाही ठेवल्या आहेत. गेम तपासणे हे गेमच्या धंद्यातले मुख्य काम आहे की नाही, हा मुद्दा महासंघाच्या वकिलांपुढे ठेवायचा आहे. त्यासाठी कागद हवेत.

पॉइंट्समनच्या मुलाचे करारपत्र आमच्याकडे आले आहे. चार पाने आहेत. एजन्सीचा शिक्का एका शहराचा, सही करणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या शहराचा, आणि ज्या कंपनीच्या हॉलमध्ये त्याने टाळ्या वाजवल्या तिचे नाव त्यात कुठेच नाही. पहिली फाइल त्याचीच उघडली आहे.